स्क्वामिशचे साक्षीदार, मुक्काम दिघोरी

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एका जागी रोज नेमानं बसलं की ते आपोआप साचतात, तलावात गाळ साचतो तसे. आणि एकदा उपसायला घेतले की मग कळतं, बापरे, एवढे होते!

माझी बसायची जागा म्हणजे दिघोरीच्या तलावाची पाळ. तिथे मच्छीमार सोसायटीची टिनाची शेड आहे आणि शेडपुढे चिंचेची सावली. मी सोसायटीचा मेंबर नाही, जाळं कधी हातात धरलेलं नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, आणि रिटायर झाल्यावर घरी पंख्याकडे बघत पडण्यापेक्षा इथे येऊन बसायला लागलो. आमची ही म्हणते, "गादी-उशी पन घेऊन जा न तिकडं!"

मंडळी ठरलेली. डोमाजी, वय सत्तरीच्या पुढचं, ढिवर म्हणजे मासेमार समाजातले जुने जाणते. त्यांचा धाकटा भाऊ लक्ष्मण, पन्नाशी उलटली तरी डोमाजींसमोर बिडी पेटवायची त्याची हिंमत नाही. भगवान, जो जाळी विणतो आणि बोलता बोलता माणसं अडकवतो. कौसल्याबाई, ज्या पाटी घेऊन लाखांदूरच्या बाजारात मासोळी विकतात आणि ज्यांच्याशी भाव करायची कोणाची छाती नाही. आणि मी, म्हणजे गुरुजी.

खरं तर आणखी दोघी आहेत. डोमाजींची मुलगी वैशाली आणि नात इरा. पण त्या पाळीवर बसत नाहीत, मोबाइलमध्ये असतात. आमचे निम्मे किस्से त्यांच्यामुळेच झालेत. आणि ते मला सांगावेच लागतात, त्याचं कारणही येईल पुढे.

*

वैशाली चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. नर्सिंग केलं, नागपुरात नोकरी केली, लग्न झालं, आणि नवऱ्यासोबत गेली ती थेट कॅनडाच्या पश्चिम टोकाला. गावाचं नाव स्क्वामिश. इरा तिकडेच जन्मली. डोमाजींची बायको नात न बघताच गेली.

सुरुवातीला कोणी विचारलं की डोमाजी "कॅनडा" एवढंच सांगत. मग एकदा वैशाली म्हणाली, बाबा, स्क्वामिश हे नुसतं गावाचं नाव नाही, इथल्या मूळ लोकांचं नाव आहे. गोरे यायच्या कितीतरी आधीपासून ते इथे राहतात, खाडीत आणि नदीत मासे धरतात. झालं! त्या दिवसापासून डोमाजींनी कॅनडा सोडून दिला.

लाखांदूरच्या बस स्टँडवर एक ओळखीचा माणूस भेटला, तेव्हा मी सोबतच होतो.

"पोरगी कुठं असते सध्या?"

"स्क्वामिशले."

"हे कोन्या तालुक्यात येते?"

"तालुका नाही मालूम. पन तिथं आपलेच लोक हायेत."

"आपले म्हंजे?"

"ढिवर!"

डोमाजींनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की त्या माणसानं नुसती मान डोलावली. बस लागली तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "गुरुजी, गडचिरोलीकून जा लागते काय जी?"

*

आमची रविवारची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची संध्याकाळ. वैशालीची ड्यूटी नसली की रविवारी फोन येतो. नेटवर्क पाळीवरच धड मिळतं, त्यामुळे डोमाजी फोन घेऊन तिथेच येतात आणि बाप-लेकीत खाजगी असं काही उरत नाही. मोबाइल चिंचेच्या खोडाला टेकवायचा आणि सगळ्यांनी पुढ्यात बसायचं, शाळेच्या फोटोला बसतात तसं.

वेळेचं हे गणित मी एकदा फोन चालू असतानाच लक्ष्मणला समजावून सांगितलं. त्यानं बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे तिथं अजून कालचाच दिवस हाय?"

"हो."

भगवान कशाला सोडतो! "मंग सांग न तिले, काल चिखलात तुहा पाय घसरला म्हनून. ती कालच्या तुले सांगन, जपून चाल!"

सगळे हसले. डोमाजी हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "घड्याळात ती मांगं हाय न मी पुढं. मंग मले असं काहून वाटते, का ती पुढं निघून गेली न मी मांगं राहून गेलो?"

कौसल्याबाईंनी पाटी उचलली, म्हणाल्या, बाजाराची वेळ झाली. त्या दिवशी बाजार नव्हता.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. वैशालीचा फोन उजाडायच्या आधीच आला, कारण तिला नदी दाखवायची होती आणि तिकडे थंडीत लवकर अंधारतं. आम्ही सगळे चादरी पांघरून चिंचेखाली.

त्या नदीत सालमन नावाची मासोळी असते. जन्मते नदीत, मोठी व्हायला समुद्रात जाते, काही वर्षं तिकडेच राहते आणि मग अंडी घालायला परत आपल्या नदीत येते. पाण्याच्या उलट चढत! तिकडे इरा काठावर उड्या मारत होती, पाण्यात मासे उड्या मारत होते, आणि इकडे कौसल्याबाई मनातल्या मनात वजन करत होत्या. "बाप्पा! आपल्या बाजारात आनली तं लोक तोंड पाहूनच जातीन!"

भगवानला राहवलं नाही. "पाहा डोमाजी, मासोरी वापस येते. अन् तुमची पोरगी?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण डोमाजींनी शांतपणे उत्तर दिलं.

"मासोरीले सुट्टी मंजूर करून घ्या लागत नाही, भगवान."

वैशाली हसली आणि हसता हसता कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. बराच वेळ मोबाइलमध्ये नुसती नदी वाहत होती.

*

आता भाषेची भानगड. त्या लोकांची स्वतःची भाषा आहे. मधल्या काळात सरकारनं त्यांची मुलं घरून उचलून वसतिगृहाच्या शाळांत टाकली, आणि आईची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. आता ती भाषा पाळण्यात ऐकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. म्हणून तिथले तरुण मोठेपणी ती शिकतात आणि मग आपल्या पोरांना शिकवतात. इराच्या शाळेत त्यांच्यातली एक आजी येते, थोडे थोडे शब्द देऊन जाते. इराला गोडी लागली. तिच्यासोबत वैशालीही संध्याकाळच्या क्लासला जायला लागली.

डोमाजींना हे कळलं तेव्हा ते असे उखडले म्हणता!

"नातीनीले आपली बोली येत नाही. मले इंग्रजी येत नाही. न आता ह्या दोघी तिसरीच शिकून राहिल्या! मी कोन्या तोंडानं बोलू तिच्यासंगं?"

वैशाली म्हणाली, "बाबा, ते शिकवनारी आजी हाय न, तिच्या घरी पन नातवायले तिची भाषा येत नव्हती. म्हनून तं शिकवते ती."

पुढच्या रविवारी फोन लागल्या लागल्या डोमाजी म्हणतात, "मले पन शिकव."

मग तिनं हायवेवरच्या पाटीचा फोटो पाठवला. एका बाजूला इंग्रजी नाव, दुसरीकडे स्क्वामिश भाषेतलं, आणि नावाच्या मधोमध चक्क सातचा आकडा!

"सात किलोमीटर राहिले असन," भगवान म्हणाला.

"किलोमीटर नावाच्या पोटात लिहितेत काय बे?" लक्ष्मण.

मी पडलो मास्तर. वैशालीला विचारून उलगडा करून घेतला. तो आकडा नाही, अक्षर आहे. तिथे आवाज घशात क्षणभर अडवायचा आणि मग सोडायचा. झालं, अख्खी पाळ घसा अडवायला लागली! डोमाजी, लक्ष्मण, भगवान, एकामागून एक. रस्त्यानं जाणारी एक बाई डोक्यावरचा भारा टाकून धावत आली. "काय झालं जी? काटा अडकला काय? कोरडा भात गिळा, कोरडा भात!"

डोमाजींना आभाराचे शब्द तेवढे पाठ झाले. 'हुय चेख्व आ.' ते कोणालाही म्हणायचे. एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं, यांनी मान तुकवली, "हुय चेख्व आ."

कंडक्टर म्हणाला, "सुट्टे द्या, आजोबा!"

रविवारी त्यांनी ते इराला म्हणून दाखवलं. आठवडाभर तयारी केली होती. ती टकमक बघत राहिली, मग आईला इंग्रजीत काहीतरी विचारलं. वैशालीनं सांगितलं, "ती म्हनते, आजा आभार कायचे मानून राहिला?"

"सांग तिले," डोमाजी म्हणाले, "तोंड दाखवलं म्हनून."

*

त्याच क्लासमधली आणखी एक गोष्ट. तिथे पहिला धडा अआइईचा नसतो. उभं राहून सांगायचं, मी कोण, कोणाची, माझे आजी-आजोबा कोण, त्यांचं गाव कोणतं. त्याशिवाय पुढचं बोलणंच सुरू होत नाही.

इराचा नंबर आला, तिनं आईबापांची नावं सांगितली आणि अडकली. आजोबाला ती 'फोनमधला आजा' म्हणून ओळखत होती. रविवारी तिनं पहिल्यांदाच स्वतःहून फोन मागितला. डोमाजींचं नाव विचारलं, गावाचं विचारलं. "डिगोरी?"

"दिघोरी," डोमाजी म्हणाले.

"डिगोरी."

"दिघोरी."

अर्धा तास हेच! शेवटी मोबाइलची बॅटरी संपली. लक्ष्मण म्हणाला, "दादा, येनार नाही तिले." डोमाजी चिडलेच. "तुले तं दहा वर्साचा होतवर साकोली म्हनता येत नव्हती!"

*

डोमाजींचा एक डोंगा आहे. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली नाव. आता सोसायटीचे सगळे लोक ट्रकची ट्यूब नाहीतर थर्माकोल घेऊन पाण्यात उतरतात, डोंग्यात कोणी बसत नाही. पण उन्हाळा लागला की डोमाजी त्याच्यात दगड भरतात आणि खोल पाण्यात तो बुडवून ठेवतात. लाकूड उन्हात राहिलं तर तडकतं. पाऊस झाला की दगड काढून परत वर. इतकी वर्षं हे चाललेलं आहे.

वैशालीनं तिकडच्या होड्यांचा फोटो पाठवला. देवदारासारख्या झाडाचं एकच खोड, कोरून केलेलं, टोकाला लाल-काळी चित्रं.

"हा तं डोंगाच हाय!" डोमाजी उभेच राहिले. "उनात कुठं ठेवतेत?"

"शेडमध्ये, बाबा."

"बुडवत नाही?"

"नाही."

डोमाजींचा आठवडा चिंतेत गेला. रविवारी निरोप दिला, "सांग त्याईले, उन्हाळ्यात बुडवून ठेवा. नाही तं फुटन न त्याईचा!"

वैशालीनं खरंच हा निरोप हॉस्पिटलमधल्या आपल्या स्क्वामिश मैत्रिणीला दिला. उलट निरोप आला, "तुमच्या वडिलांना सांग, आमच्याकडे पाऊसच एवढा पडतो की नाव बुडवायची नाही, कोरडी ठेवायचीच पंचाईत आहे!"

डोमाजी मनापासून हसले. भगवान मात्र त्या दिवशी नको ते विचारून बसला. "पन तुमी कायले बुडवून राहिले जी दरसाल? बसनार कोन हाय त्याच्यात?"

"इरा बसन."

एवढंच. आणि शेडमागे जाऊन ते डोंग्याला लावायचं डांबर तापवायला लागले.

*

आता त्या नाण्यांचं सांगतो.

त्याच मैत्रिणीच्या घरी कार्यक्रम होता. तिच्या नातवाला त्याच्या खापरपणज्याचं नाव द्यायचं होतं. त्या लोकांत अशा वेळी पाहुण्यांमधून काहींना उभं करतात आणि हातात नाणं ठेवतात. नाणं घेतलं की तुम्ही साक्षीदार. जे झालं ते लक्षात ठेवायचं, आणि पुढे कोणी विचारलं तर सांगायचं. कागद नाही, सही नाही. माणूसच कागद! त्या दिवशी वैशालीलाही नाणं मिळालं. तिनं ते मोबाइलपुढे धरून दाखवलं. त्याच्यावर शिंगांचा एक प्राणी होता. लक्ष्मण म्हणाला सांबर, भगवान म्हणाला चितळ, आणि वैशाली काय म्हणाली ते त्या गोंधळात कोणी ऐकलंच नाही.

डोमाजींना ही रीत इतकी आवडली की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून खिशात रुपयाची नाणी! सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, यंदा तलावात मासोळीचं बीज, म्हणजे पिल्लं, वेळेवर टाकू. डोमाजी उठले, मला, भगवानला, कौसल्याबाईंना एकेक रुपया दिला. "ध्यानात ठेवजा!" अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या वर्षी बीज खरंच वेळेवर पडलं!

रुपया लक्ष्मणलाही दिला होता. रविवारी हे सगळं वैशालीला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला.

"बाबा, काकाले काहून देल्ला? घरच्याले नाही भेटत!"

"काहून नाही भेटत?" लक्ष्मणला झोंबलंच. "माही याददाश्त खराब हाय काय?"

"तसं नाही काका. साक्षीदार पाहुना पाहिजे, बाहेरचा. घरच्यायनं करायचं असते, बाहेरच्यायनं पाहायचं न सांगायचं. घरचा मानूस तं त्या कामातच असते न, त्याले कायचा साक्षीदार?"

डोमाजींनी हात पुढे केला. लक्ष्मणनं रुपया परत दिला, पण तोंड एवढंसं करून. "ठीक हाय. मंग मी काही आठोन पन नाही ठेवत!"

पुढे महिनाभर त्याला काही विचारलं की एकच उत्तर, "मले नका इचारू, मी घरचा हाओ."

*

मग एका रविवारी वैशाली बोलून गेली, "या उन्हाळ्यात येतोच बाबा. इराले घेऊन."

डोमाजींनी वेळ घालवला नाही. तिथल्या तिथे तीन रुपये! मी, भगवान, कौसल्याबाई. नाणी मोबाइलपुढे धरून तिला दाखवलीसुद्धा. ती हसून म्हणाली, "बाबा, तुमी तं फसवलं मले!"

उन्हाळा आला. रजा मिळाली नाही. डोमाजींनी डोंगा पाण्यात बुडवला. पुढच्या वर्षी जावयाची नोकरी बदलली, तिकिटं काढलेली रद्द झाली. डोंगा परत बुडाला.

तेव्हा मात्र डोमाजींनी साक्षीदार उभे केले. फोन खोडाला टेकवलेला, वैशाली समोर. मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं की अमुक रविवारी तू असं म्हणालीस. भगवाननं पण सांगितलं, थोडं मीठ लावून. मग कौसल्याबाई उभ्या राहिल्या.

"मले तुह्या बोलन्याचं काही सांगायचं नाही व," त्या म्हणाल्या. "तू लहान असताना पारीवर येऊन बसत होती, पाय पान्यात सोडून. तुही माय हाका मारू मारू थकत होती. अन् तू म्हनत होती, बाबाचा डोंगा आल्याबिगर मी नाही उठत. हे म्या पाह्यलं हाय. याचा रुपया मले कोनी देल्ला नव्हता, तरी ध्यानात हाय."

वैशाली तिकडे हुंदके द्यायला लागली. इरा कुठूनशी आली आणि आईच्या गळ्यात हात टाकून आमच्याकडे रागानं बघायला लागली, की हे कोण लोक माझ्या आईला रडवतात!

डोमाजींनी फोन बंद केला. आमच्याकडची नाणी परत मागितली. "नको आता हे. पोरगी कामावर जाते, तिले कायले रडवाचं." मी दिलं, भगवाननं दिलं. कौसल्याबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. "मी नाही देत. मी बाहेरची हाओ, म्या घेतला न मी सांगन."

*

वैशाली आणि इरा आल्या ते नाताळच्या सुट्टीत, कोणाला साक्षीला न धरता. नागपूरहून गाडी करून, दोघीच.

डोमाजींनी आधीच डोंगा धुऊन, डांबर लावून, पाळीला आणून ठेवला होता. त्यांनी नवीन धोतर नेसलं होतं. गाडीतून इरा उतरली, त्यांनी हात जोडून म्हटलं, "हुय चेख्व आ."

इरा आईच्या मागे लपली.

आणि लपूनच राहिली. जेवायची आईजवळ, झोपायची आईजवळ. आम्हाला वाटायचं, फोनमध्ये तरी बोलायची, आता समोर आली तर तोंड शिवलंय! डोमाजी रोज सकाळी पाळीवर यायचे, ती यायची, डोंग्याजवळ उभी राहायची आणि मान हलवायची. वैशाली म्हणाली, "बाबा, लाइफ जॅकेटबिगर नाही बसत ती. तिथं तसाच नियम हाय." भगवाननं थर्माकोलचे तुकडे जाळ्यात शिवून जॅकेट तयार केलं. ती तरी बसेना. कौसल्याबाईंनी झिंगे भाजून दिले, ते मात्र तिनं चाटूनपुसून खाल्ले.

"राहू द्या," डोमाजी म्हणायचे. "मी कोन हाओ तिले? फोनमधला मानूस." आणि हसायचे. ते हसणं मला बघवत नव्हतं.

जायचा दिवस आला. गाडी पाळीवर उभी, सामान डिकीत. सगळे जमलो होतो. वैशाली कौसल्याबाईंच्या गळ्यात पडलेली. एवढ्यात लक्ष्मण म्हणाला, "इरा कुठं हाय?"

इरा डोंग्यात बसली होती. जॅकेट घालून, पाय पोटाशी घेऊन.

डोमाजींनी कोणाला काही विचारलं नाही. बांबू घेतला, धोतर खोचलं आणि डोंगा पाण्यात लोटला. बघता बघता दोघं तलावाच्या मधोमध. तिथून काही ऐकू येत नव्हतं. डोमाजींचा हात तेवढा दिसायचा, इकडे दाखव, तिकडे दाखव. मग हात थांबला. मग बराच वेळ दोघांची डोकी जवळ जवळ. वैशालीनं व्हिडिओ काढायला मोबाइल वर केला होता, तो तिनं खाली घेतला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. भगवाननं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं परत वाजवला नाही.

परत आले. इरा उतरली, आईजवळ गेली, कानात काही बोलली. वैशालीनं पर्स उघडून तिच्या ओंजळीत काही ठेवलं. मग ती पोर शेडपुढे जाऊन उभी राहिली, अंगावर भगवानचं थर्माकोल तसंच, आणि आम्हा सगळ्यांकडे बघत मोठ्यानं म्हणाली,

"मी इरा. वैशालीची पोरगी. डोमाजीची नातीन. मी दिघोरीची."

दिघोरी. अगदी स्पष्ट.

"मी अखीन येतो."

मग ती ओळीनं निघाली. पहिला मी. माझ्या तळहातावर नाणं, शिंगवाला प्राणी वर. मग भगवान. त्याच्या पुढे लक्ष्मण उभा होता, त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. त्याच्या शेजारी डोमाजी. त्यांनी तळहात पुढे केला होता, पाण्यानं ओला.

इरानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. कौसल्याबाईंच्या हातावर शेवटचं नाणं ठेवलं. कौसल्याबाईंनी पदराची जुनी गाठ सोडली, त्या रुपयाशेजारी ते ठेवलं आणि परत बांधली.

डोमाजींचा हात तसाच पुढे. ओठ हलत होते.

"मले नाही देल्ला, लक्ष्मण."

लक्ष्मणनं डोळे पुसले आणि भावाच्या जवळ सरकला.

"हात खाली कर, दादा. आपल्याले नाही भेटत."